रुळांच्या पश्चिमेचे विद्यापीठ : नागपूर विद्यापीठाचा परिसर आणि पूर्व नागपूर

प्रस्तावना

नागपूर विद्यापीठाच्या स्थापनेस ४ ऑगस्ट २०२३ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. विद्यापीठाच्या इतिहासाची मांडणी बहुधा कायदे, कुलगुरू, विद्याशाखा आणि संलग्न महाविद्यालये यांच्या अनुषंगाने केली जाते. विद्यापीठ ज्या भूमीवर उभे राहिले, त्या भूमीकडे आणि तिच्याभोवती वाढलेल्या वस्तीकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. सीताबर्डी, सिव्हिल लाइन्स, महाराजबाग, धरमपेठ आणि अंबाझरी हा सलग पट्टा आज नागपूरचा 'शैक्षणिक भाग' म्हणून ओळखला जातो. ही ओळख आपोआप घडलेली नाही. सीताबर्डीच्या टेकडीने आणि पुढे लोहमार्गाने या शहराचे जे दोन भाग पाडले, त्यांपैकी पश्चिमेकडील भागात उच्च शिक्षण एकवटत गेले. महाल, इतवारी, पारडी, कळमना हा पूर्वेकडील भाग लोकवस्तीने दाट आणि व्यापाराने संपन्न असूनही विद्यापीठापासून दूर राहिला. हे अंतर कसे निर्माण झाले आणि ते कोणाला चालावे लागले, याचा मागोवा येथे घेतला आहे.

टेकडी, रेसिडेन्सी आणि लोहमार्ग

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसविले. त्याचा उत्तराधिकारी चांद सुलतान याने शहरास तट बांधला आणि आज गांधीसागर म्हणून ओळखला जाणारा जुम्मा तलाव त्याच काळात आकारास आला. भोसल्यांच्या राजवटीत महाल हे सत्तेचे केंद्र झाले. भोवतीच्या पेठांना आठवडी बाजारांच्या वारांवरून नावे मिळाली : इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. हे सारे शहर नागनदीच्या काठाने पूर्वेकडे पसरलेले होते. पश्चिमेस तलाव, त्यापलीकडे सीताबर्डीची जोडटेकडी आणि टेकडीमागे राजघराण्याच्या बागा असा भूप्रदेश होता. महाराजबाग आणि तेलंगखेडीची बाग या त्यांपैकी आजही नावाने टिकून असलेल्या दोन. सीताबर्डी हे नाव शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन गवळी बंधूंवरून पडले, अशी एक आख्यायिका शहरात सांगितली जाते. ती खरी माना अथवा मानू नका. टेकडी ही शहराबाहेरची, गुराढोरांची जागा होती, एवढा अर्थ तीतून निश्चित निघतो.

शहराबाहेरच्या या जागेजवळच भोसल्यांच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंटचे ठाणे होते. रिचर्ड जेंकिन्स हा १८०७ पासून येथे होता. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याची आणि कंपनीच्या फौजेची याच टेकडीवर लढाई झाली आणि तीत कंपनीचा जय झाला. टेकडी इंग्रजांच्या ताब्यात गेली, तीवर किल्ला उभा राहिला आणि त्याच्या तोफा महालाच्या दिशेने रोखल्या गेल्या. पुण्यातील घटनाक्रम येथे लक्षात घेण्याजोगा आहे. नागपूरच्या लढाईपूर्वी तीन आठवडे, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, गणेशखिंड आणि खडकीच्या माळावर पेशव्यांची लढाई झाली होती. पुढे त्याच गणेशखिंडीत गव्हर्नरचे निवासस्थान झाले आणि १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाला तेच मिळाले. मराठी मुलखातील ही दोन विद्यापीठे अशा रीतीने १८१७ च्या दोन रणभूमींच्या आसपास वसली. या साम्यामागे योगायोगापेक्षा अधिक काही आहे. पराभूत राजधानीच्या वेशीबाहेर जेत्यांनी जी मोकळी, उंच आणि हवेशीर जागा आपल्यासाठी राखली, तीच पुढे सार्वजनिक संस्थांना उपलब्ध झाली.

तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक निवर्तले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी झाले. टेकडीच्या पश्चिमेस आणि उत्तरेस बंगले, कचेऱ्या, चर्च आणि रुंद रस्ते यांची सिव्हिल लाइन्स आकारास आली. लोकांच्या तोंडी 'अजब बंगला' म्हणून असलेले मध्यवर्ती संग्रहालय १८६३ मध्ये याच भागात सुरू झाले. १८६७ मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला. त्याची मार्गिका टेकडी आणि जुने शहर यांच्या मधोमध गेल्याने आतापर्यंत तलाव आणि टेकडी यांनी सुचविलेली सीमा लोखंडात ओढली गेली. १८७७ मध्ये सुरू झालेली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल रुळांच्या पूर्वेस, जुम्मा तलावाच्या शेजारी उभी राहिली. गिरणी पूर्वेला आणि संग्रहालय पश्चिमेला, ही विभागणी पुढील शतकभर टिकली.

विद्यापीठापूर्वीची महाविद्यालये

नागपुरातील आधुनिक शिक्षणाचा प्रारंभ मात्र रुळांच्या पूर्वेकडेच झाला होता, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आला आणि १८४६ मध्ये त्याने जुन्या शहरात शाळा काढली. धर्मप्रसारासाठी आलेला हा मनुष्य वृत्तीने भूगर्भशास्त्रज्ञ आणि लोकजीवनाचा अभ्यासक होता. टाकळीच्या परिसरात त्याने गोळा केलेल्या जीवाश्मांमुळे नागपूरचे नाव भूगर्भशास्त्राच्या वाङ्मयात आले. १८६३ मध्ये नदी ओलांडताना त्याचा बुडून मृत्यू झाला. त्याच्या नावाचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये सुरू झाले. दोन वर्षांनी, १८८५ मध्ये, माजी चीफ कमिशनर सर जॉन मॉरिस यांच्या नावे सीताबर्डीला मॉरिस महाविद्यालय निघाले. ही महाविद्यालये आरंभी कलकत्ता विद्यापीठाशी आणि १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर अलाहाबाद विद्यापीठाशी जोडलेली होती. नागपूरच्या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम, परीक्षक आणि पदवी ही सर्व शेकडो मैलांवर ठरत असत.

सरकारी शिक्षणसंस्थांना जागा देताना प्रशासनाने पश्चिमेचीच निवड केली. १९०६ मध्ये व्हिक्टोरिया विज्ञान महाविद्यालय, म्हणजे आजची विज्ञान संस्था, स्थापन झाले. त्याच वर्षी महाराजबागेलगत कृषी महाविद्यालय सुरू झाले. भोसल्यांच्या उद्यानात १८९४ पासून प्राणिसंग्रहालय होते. त्याची व्यवस्था पुढे कृषी महाविद्यालयाकडे आली आणि आजही ती तेथेच आहे. राजाच्या बागेचे प्रायोगिक शेतीत रूपांतर होणे हा केवळ भूवापराचा बदल नव्हता. जमीन संपादनाचा प्रश्नच उद्भवू नये इतकी शासकीय जमीन टेकडीच्या मागे उपलब्ध होती, तर महाल-इतवारीत एक गल्ली रुंद करणेही जिकिरीचे होते. संस्थांचे स्थान ठरण्यामागे हे व्यावहारिक कारण होतेच. तथापि, विद्यार्थ्यांनी 'शहरातून' उठून 'स्टेशना'त शिकावयास यावे, यात प्रशासनाला काही वावगे वाटले नाही, हेही तितकेच खरे.

याचा परिणाम सीताबर्डीवर झाला. किल्ल्याच्या पायथ्याची ही वस्ती दोन नागपुरांच्या मधला उंबरठा होती. तिच्या एका अंगास कचेऱ्या व महाविद्यालये आणि दुसऱ्या अंगास स्थानक. वकील, मास्तर, कारकून आणि बाहेरगावचे विद्यार्थी बर्डीत राहू लागले. 'मोदी नंबर एक, दोन, तीन' अशा नावांच्या तिच्या गल्ल्यांत दुकाने, खाणावळी आणि भाड्याच्या खोल्या एकमेकींना खेटून वाढल्या. नागपूरला विद्यापीठ मिळण्यापूर्वीच त्याची परिसरवस्ती तयार झाली होती, असे म्हणता येईल.

१९२३ : सिव्हिल लाइन्समधील दोन घटना

नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी अस्तित्वात आले. आरंभी सहा संलग्न महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी एवढाच त्याचा विस्तार होता. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू झाले. मध्य प्रांत आणि वऱ्हाड मिळून सारा प्रदेश त्याच्या कक्षेत आला आणि नागपूरच्या विद्यार्थ्याची अलाहाबादची वारी संपली.

ज्या आठवड्यांत हे घडले, त्याच आठवड्यांत त्याच सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर झेंडा सत्याग्रह चालू होता. १ मे १९२३ पासून चरखांकित राष्ट्रीय ध्वज घेतलेले स्वयंसेवक जुन्या शहरातून निघत आणि सिव्हिल लाइन्सच्या दिशेने जात. तेथे त्यांना अडवून अटक करण्यात येई. सत्याग्रहाचे नेतृत्व करणारे जमनालाल बजाज जूनमध्ये पकडले गेले. त्यानंतर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली आणि विठ्ठलभाई पटेल यांनी सरकारशी बोलणी केली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या तुकड्यांनी नागपूरचा तुरुंग भरला. अखेर १८ ऑगस्ट रोजी ध्वजधारी मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून निर्वेधपणे गेली.

विद्यापीठाची स्थापना आणि ही मिरवणूक यांत अवघ्या चौदा दिवसांचे अंतर आहे. वादाचा मुद्दा ध्वजाचा होता, हे सर्वश्रुत आहे. परंतु तो जागेचाही होता. जुन्या शहरात झेंडा मिरविण्यास तितकीशी आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती रूळ ओलांडून साहेबांच्या वस्तीत तो नेण्यास. नागपूरची अंतर्गत सीमा या प्रसंगाइतकी स्पष्टपणे कधीच दिसली नाही. ज्या वस्तीत नागपूरच्या सामान्य माणसाला झेंडा घेऊन जाण्यासाठी साडेतीन महिने तुरुंगात जावे लागले, त्याच वस्तीत त्याच्या मुलासाठी विद्यापीठ उघडले गेले. प्रांताच्या गव्हर्नरने, सर फ्रँक स्लाय याने, एकीकडे सत्याग्रहाचा बंदोबस्त करावा आणि दुसरीकडे कुलपती म्हणून विद्यापीठाचे प्रमुखपद भूषवावे, यात त्या काळच्या राज्यव्यवस्थेला विसंगती वाटत नव्हती. इतिहासाने मात्र आपली नोंद वेगळ्या प्रकारे ठेवली आहे. विद्यापीठाच्या आजच्या प्रशासकीय इमारतीला जमनालाल बजाज यांचे नाव आहे.

विद्यार्थ्यांच्या पिढ्यांवर या वातावरणाचा परिणाम झाल्यावाचून राहिला नाही. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला १९२२ ते १९२६ या काळात मॉरिस महाविद्यालयात शिकत होते. म्हणजे त्यांच्या पदवी अभ्यासक्रमाच्या मध्यावर विद्यापीठ बदलले. १९२५ मध्ये विद्यापीठाने स्वतःचे विधी महाविद्यालय सुरू केले आणि हिदायतुल्लांनी पुढे तेथे अध्यापनही केले. १९३६ मध्ये नागपुरात उच्च न्यायालय स्थापन झाल्यावर विधी शिक्षण, वकिली आणि न्यायदान ही तिन्ही कामे थोडक्या अंतरात होऊ लागली. 'लॉ कॉलेज चौक', 'वेस्ट हायकोर्ट रोड' आणि 'विद्यापीठ ग्रंथालय चौक' ही या भागातील नावे रिक्षावाल्यापासून सर्वांच्या तोंडी आहेत. त्यामुळे त्या काळाची खूण नकाशावर कायम राहिली आहे.

अमरावती मार्गाकडे

विद्यापीठाला सिव्हिल लाइन्सच्या बाहेर, आणखी पश्चिमेस नेण्याचे कारण एका देणगीत सापडते. कामठीचे उद्योजक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० मध्ये वारले. उपयोजित विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी त्यांनी आपल्या मृत्युपत्राने विद्यापीठाला पस्तीस लाख रुपयांहून अधिक संपत्ती दिली. तीतून १९४२ मध्ये अमरावती मार्गावर लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली. त्या काळी धरमपेठेच्या पलीकडे बरीचशी शेते आणि माळ होता. १८७० च्या सुमारास शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी सिद्ध केलेला अंबाझरी तलाव हीच त्या बाजूची मोठी खूण. स्वातंत्र्योत्तर काळात पदव्युत्तर विभाग हळूहळू याच बाजूस आले आणि तीनशे एकरांहून अधिक क्षेत्राचा, आज महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखला जाणारा शैक्षणिक परिसर तयार झाला.

याच सुमारास नागपूर सुधार प्रन्यासाने भूखंड पाडून नव्या वसाहती आखण्यास प्रारंभ केला होता. प्रन्यासाचा कायदा १९३६ चा आहे. धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगर, रामदासपेठ, बजाजनगर येथील प्रशस्त भूखंडांवर प्राध्यापक, वकील, डॉक्टर आणि सरकारी अधिकारी यांची घरे झाली. पाठोपाठ संस्था आल्या. स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी १९३२ मध्ये सुरू झालेले आणि पुढे लेडी अमृतबाई डागा यांच्या नावाने 'एलएडी' म्हणून प्रसिद्धीस आलेले महाविद्यालय, १९४५ चे गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय, १९६० मध्ये निघालेले विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय ही त्यांतील प्रमुख होत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तीही याच पश्चिम-दक्षिण पट्ट्यात आहे आणि १९६४ मध्ये तेथे डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभे राहिले. वस्त्या आणि महाविद्यालये यांच्या या जाळ्यात दीक्षाभूमीच्या महाविद्यालयाचे स्थान वेगळे आहे. ज्या समाजाला धरमपेठेत भूखंड घेणे सहजी शक्य नव्हते, त्याने स्वतःच्या तीर्थस्थळाला लागून स्वतःचे महाविद्यालय काढले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत नागपूरचे राजधानीपण गेले. प्रांताच्या राजधानीसाठी आखलेल्या सिव्हिल लाइन्समध्ये १९६० नंतर वर्षातून एकदा, हिवाळी अधिवेशनापुरती राजधानीची गजबज होऊ लागली. उरलेल्या वर्षभर या भागाचे चलनवलन न्यायालय आणि विद्यापीठ यांच्यामुळे राहिले. विद्यापीठाचे कार्यक्षेत्रही आकसत गेले. माजी कुलगुरू डॉ. हरिसिंग गौर यांनी १९४६ मध्ये सागर येथे विद्यापीठ काढले. जबलपूरला १९५६ मध्ये, अमरावतीला १९८३ मध्ये आणि गडचिरोलीला २०११ मध्ये स्वतंत्र विद्यापीठे झाली. २००५ मध्ये विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. २०२३ मध्ये लक्ष्मीनारायण संस्थाही स्वतंत्र विद्यापीठ झाली. ज्या देणगीने विद्यापीठ अमरावती मार्गावर आले, तिचे फळ आता त्याच्या शेजारी वेगळ्या नावाने उभे आहे.

रुळांच्या पूर्वेस

या सर्व काळात पूर्व नागपूर स्थिर नव्हते. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूर-छत्तीसगड रेल्वे राजनांदगावपर्यंत गेली आणि पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वेत सामावली. कामठीकडे जाणाऱ्या या मार्गावर कळमना येते. छत्तीसगडचे धान्य, विदर्भाची संत्री, मिरची आणि कापड यांच्या उलाढालीवर इतवारीची भरभराट झाली. कोष्टी विणकरांचे माग, गिरणी कामगारांच्या चाळी, हमालांच्या व गाडीवानांच्या वस्त्या हे पूर्वेचे समाजचित्र होते. इतवारीच्या गल्ल्या अपुऱ्या पडू लागल्यावर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने कळमन्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात गेला. शासनाने पूर्वेस मोकळी जमीन मुळी नव्हतीच, असे म्हणता येणार नाही. ती बाजार, मालधक्का आणि गोदामे यांसाठी सापडली. महाविद्यालयांसाठी सापडावयास बराच उशीर झाला. वर्धमाननगरसारख्या ठिकाणी महाविद्यालये निघाली ती प्रामुख्याने स्थानिक शिक्षणसंस्थांच्या प्रयत्नांनी. पदव्युत्तर विभाग, ग्रंथालय, दीक्षान्त सभागृह, परीक्षा आणि पदवी यांसाठी मात्र विद्यार्थ्याला रूळ ओलांडावेच लागत.

हे ओलांडणे केवळ अंतराचे नव्हते. पन्नाशीच्या दशकात नागपूर विद्यापीठातून हिंदीत एम. ए. करणारे कवी गजानन माधव मुक्तिबोध जुम्मा तलावाच्या आसपासच्या वस्तीत राहत असत. नोकरी, संसार आणि गिरणीचा भोंगा यांच्या सोबतीने त्यांनी ही पदवी घेतली. पूर्वेकडून येणाऱ्या विद्यार्थ्याचा हा नमुना पुढेही फारसा बदलला नाही. दिवसा दुकानात, अडतीवर किंवा मागावर काम, सायंकाळी वर्ग, आणि विद्यापीठाच्या कामासाठी एखादा दिवस मोडून पश्चिमेची फेरी. धरमपेठेतील विद्यार्थ्याला ग्रंथालय ही संध्याकाळची सवय होती. कळमन्यातील विद्यार्थ्याला तो प्रवास होता. विद्यापीठाच्या सान्निध्याचा लाभ प्रवेशसंख्येतून मोजता येत नाही. जाता-येता कानी पडणारी व्याख्याने, शेजारी राहणारे प्राध्यापक, जुन्या पुस्तकांची दुकाने, विदर्भ साहित्य संघाच्या बर्डीवरील सभागृहातील कार्यक्रम यांतून तो मिळतो. तो ज्यांना मिळाला त्यांना त्याची जाणीव क्वचितच असते.

या दोन भागांना निसर्गाने जोडणारा दुवा एकच, आणि तो म्हणजे नागनदी. अंबाझरीच्या सांडव्यावरून निघणारे पाणी धरमपेठ, सीताबर्डी, महाल असे करीत पारडीच्या बाजूने शहराबाहेर जाते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी ओसंडला आणि विद्यापीठाच्या शेजारच्या सुखवस्तू वसाहतींत पाणी शिरले, तेव्हा या नदीची आठवण सर्वांना झाली. एरवी पश्चिमेचे सांडपाणी पूर्वेकडे वाहून नेणारा नाला हीच तिची ओळख झाली आहे.

माणसांना जोडणारा दुवा अलीकडचा आहे. नागपूर मेट्रोची पूर्व-पश्चिम मार्गिका दोन टप्प्यांत सुरू झाली. सीताबर्डीपासून पश्चिमेस लोकमान्य नगरपर्यंतचा भाग २८ जानेवारी २०२० रोजी, आणि सीताबर्डीपासून पूर्वेस भंडारा मार्गावरील प्रजापती नगरपर्यंतचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी. पश्चिम भागातील स्थानकांची नावे वाचीत गेल्यास इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, एलएडी चौक, धरमपेठ कॉलेज अशी ओळीने शिक्षणाची खूण लागते. पूर्व भागात चितार ओळ, अग्रसेन चौक, दोसर वैश्य चौक, कॉटन मार्केट अशी कारागीर, जाती आणि बाजार यांची नावे येतात. कळमना-पारडीच्या विद्यार्थ्याला आता प्रजापती नगरला बसून, गाडी न बदलता, सीताबर्डीच्या टेकडीला वळसा घालून धरमपेठ कॉलेजपर्यंत जाता येते. तेथून अंबाझरी मार्गाने विद्यापीठाच्या शैक्षणिक परिसराकडे पुढचा रस्ता धरावा लागतो. त्या परिसराच्या नावाचे स्थानक या मार्गिकेवर नाही.